बेलफास्टचा क्राउन बार आणि आमचे कोल्हापूरचे काका

मी टूर मॅनेजर आहे, मराठी ग्रुप घेऊन युके-आयर्लंड फिरत असतो. त्या दिवशी टायटॅनिक म्युझियम करून ग्रेट व्हिक्टोरिया स्ट्रीटला आलो, पाऊस सुरू, बस यायला वेळ, मग म्हटलं चला, तिथला जुना पब, क्राउन बार बघू. लगेच मागून एक काकू, "अहो, दारूच्या दुकानात काय बघायचंय?" ग्रुपमध्ये माळकरी मंडळीही होती, त्यामुळे प्रश्न रास्तच. म्हटलं काकू, काही घेऊ नका, फक्त मान वर करून छत बघा.

आत शिरल्या शिरल्या सगळे गप्प. कोरीव लाकडी छत, रंगीत काचा, टाइल्स, गॅसचे दिवे अजून चालू! आयर्लंडात चर्चच्या कामाला आलेल्या इटालियन कारागिरांकडून मालक फ्लॅनॅगनने 1885 च्या सुमाराला हे करून घेतलं असं सांगतात, ते लोक दिवसभराचं चर्चचं काम उरकून इथे यायचे म्हणे. लाल ग्रॅनाइटचा तो बार बघितला की पटतंच.

ग्रुपमध्ये कोल्हापूरचे एक काका होते, आयुष्य फर्निचरच्या कारखान्यात गेलेलं, टूरभर फारसं बोलले नव्हते. ते सरळ एका स्नगमध्ये घुसले. स्नग म्हणजे दार असलेली छोटी लाकडी खोली, अशा दहा आहेत, ए ते जे अक्षरं लावलेल्या. पूर्वी ज्यांना चारचौघांत पिताना दिसायचं नव्हतं ते इथे बसायचे, वेटरला बोलवायला घंटेची सोय, काडी ओढायला भिंतीला धातूची पट्टी. काकांनी चष्मा काढला, डोळे अगदी लाकडाला लावले आणि सांध्यावरून अंगठा फिरवत राहिले. "फट बघ की रं, नखसुदिक जात न्हाई. एवढ्या वर्षांत लाकूड हललं न्हाई म्हंजे सुकवून वापरलंय, घाई केलेली न्हाई." दारावरच्या ढाल धरलेल्या सिंहाच्या आयाळीत पटाशी कुठून कुठे फिरली असेल ते त्यांनी बोटाने काढून दाखवलं. एवढ्या वेळा इथे आलोय, हे मला कुणी दाखवलं नव्हतं.

समोरच युरोपा हॉटेल, उत्तर आयर्लंडमधल्या राजकीय हिंसाचाराच्या काळात तिथे कितीतरी बॉम्ब फुटले आणि त्यात इकडच्या काचाही गेल्या. 1978 ला नॅशनल ट्रस्टने, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने, क्राउन विकत घेतला, दुरुस्ती केली, पण पब पबच ठेवला हे फार बरं केलं. दोरी बांधून लांबून बघायला लावलं असतं तर काकांना त्या सांध्याला हात तरी लावता आला असता का?

काकूंनी शेवटी लेमोनेड मागवलं, दार लावून तिघी मैत्रिणी आत निवांत बसल्या, बस आली तरी उठेनात.

बेलफास्टला गेलात तर दुपारी लवकर जा, संध्याकाळी स्नग मिळणं अवघड.