आठ आणे बाकी

जुन्या बाजारात मी गेले होते पितळेचा डबा बघायला आणि घरी आले फ्रेम घेऊन. पुण्यात मंगळवार पेठेतला हा बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, तिथे नळाच्या तोट्यांपासून बंद पडलेल्या घड्याळांपर्यंत काहीही मिळतं, आणि एका ताडपत्रीवर कुकरच्या शिट्ट्यांच्या शेजारी हे कुटुंब उताणं पडलेलं होतं. नवरा, बायको, पोर. मी उचलून बघायला लागले तर विकणारा म्हणाला, "सागवान आहे ताई, अस्सल. फोटो काढून टाका आतला." म्हणजे माल फ्रेम होता, ही तीन माणसं नुसतीच आत अडकलेली. आता पेठांमधले वाडे पडतायत, माळे रिकामे होतात, नवीन फ्लॅटच्या भिंतीवर पणजोबांना जागा नसते, मग ते असे रद्दीबरोबर निघतात. दोनशे म्हणाला, ऐंशीला दिली. फोटो मी काढला नाही.

तर फोटो असा. माणूस वेताच्या खुर्चीत बसलेला, कोट, डोक्याला काळी टोपी, खिशाला पेन, मांडीवर एक जाड पुस्तक. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कुठलातरी विलायती जिना आणि झाड. बायको शेजारी उभी, नऊवारी, एक हात खुर्चीच्या पाठीवर पण टेकलेला नाही, अधांतरी. आणि स्टुलावर तीन-चार वर्षांचं पोर, त्याने नेमकी मान हलवली असणार कारण चेहऱ्याच्या जागी नुसता धूर आहे.

मी घरी येईपर्यंत, रिक्षातच, त्याला मास्तर करून टाकला होता. पेन आहे, पुस्तक आहे, अजून काय पाहिजे? तालुक्याच्या शाळेत इंग्रजी शिकवतो, पगार कमी, स्वभाव तापट, पण कविता करतो आणि कुणाला दाखवत नाही. पुस्तक त्याला बक्षीस मिळालेलं. कोट लग्नातला, सासऱ्याने दिलेला, म्हणून बसताना जपून बसलाय. दोन दिवस मी त्याच्यावर इतका जीव लावला की नवरा म्हणाला, माझ्याबद्दल कधी एवढा विचार केलायस का.

मग सासूबाईंनी चष्मा लावून फोटो बघितला. आईंचं वय त्र्याऐंशी, माहेर साताऱ्याकडचं. म्हणाल्या, "अगं कोट स्टुडिओतला आहे तो. बाह्या बघ, बोटांपर्यंत आल्यात."

खरंच आल्या होत्या.

"पेन पण त्यांचंच. पुस्तक पण. आमच्याकडे फोटोवाल्याकडे एक कोट असायचा, तोच सगळ्या गावाला. जाड्याला पुढून बटण लागायचं नाही, बारक्याला मागून टाचण्या मारायचे." आणि मग त्यांनी स्वतःचा स्थळासाठी काढलेला फोटो सांगितला, जो मी हजारदा बघितलाय, ज्यात त्या कानाला टेलिफोन लावून गालातल्या गालात हसतायत. मला वाटायचं काय मॉडर्न घर होतं यांचं. "कसला फोन, गावात पोस्टात एक होता तेवढाच. त्या फोनला वायरच नव्हती. साडी शेजारच्या वहिनींची. माझं त्यात काय होतं विचारशील तर नाक. तेही मोठं दिसतंय म्हणून यांच्या घरचे नाही म्हणणार होते."

म्हणजे माझा मास्तर गेला. ज्या ज्या वस्तूवरून मी त्याचं आयुष्य रचलं त्या सगळ्या भाड्याच्या निघाल्या, आणि खरं सांगायचं तर थोडा रागच आला, त्याचा की फोटोवाल्याचा माहीत नाही.

पण मग मी पाय बघितले. फोटोवाला कमरेच्या वरचा माणूस सजवतो, खाली त्याचं लक्षच नसतं. कोटवाला अनवाणी होता. रुंद, बोटं फाकलेले, टाचेला भेगा पडलेले पाय, आयुष्यभर ढेकळांतून चाललेल्याचे असतात तसे, आणि ते त्याने खुर्चीखाली ओढून घ्यायचा प्रयत्न केलाय. बायकोच्या पायात जोडवी, आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. ठेच लागली असेल. कदाचित त्याच दिवशी, स्टुडिओला येताना घाईत.

तेव्हापासून मला सवयच लागली, कुठलाही जुना फोटो दिसला की आधी पाय. अगदी जुन्या फोटोंत तर पायांच्या मागे कधीकधी एका लोखंडी स्टँडचा तळ दिसतो, तो मान धरून ठेवायचा स्टँड. १८३९ मध्ये ही कला जगापुढे आली तेव्हा एका फोटोला काही मिनिटं लागायची, हललं की गेलं, म्हणून मागून डोकं चिमट्यात धरायचे. ते सगळे पूर्वज इतके करारी का दिसतात याचं कारण कधीकधी एवढंच असतं. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफीची सोसायटी निघाली होती, १८९६ मध्ये राजा दीनदयाळ या नामांकित फोटोग्राफरचा तिथे स्टुडिओ झाला, पण तिकडे जाणाऱ्यांचे कोट स्वतःचे असायचे. त्यांच्याबद्दल कल्पना काय करायची, त्यांची नावं खाली छापलेली असतात.

फोटोच्या मागे मोडीत दोन ओळी होत्या. मोडी मला येत नाही, पेशवे दफ्तरात तिचे ढीगच्या ढीग पडलेत पण आमच्या घरात वाचणारं कुणी उरलं नाही. एका ओळखीच्या काकांना येते, त्यांना फोटो पाठवला, आणि रात्रभर मी जागी, आता नाव कळणार, गाव कळणार. सकाळी त्यांचा मेसेज, "प्रती दोन. बाकी आठ आणे."

बस. फोटोवाल्याचा हिशेब.

आता मला हेच सुटत नाही. बाकी असताना त्याने फोटो दिला कसा? की दिलाच नाही, आणि पुढे फ्रेम करून आपल्याच दुकानात लावला, गिऱ्हाइकाला दाखवायला, आणि हे तिघं येताजाता बाहेरून स्वतःला बघून जायचे? आई म्हणतात उधारीवर दिला असेल, गावातली माणसं, पळून कुठे जाणार. मला पटतं, पण रात्री झोप लागत नसली की दुकानवालंच खरं वाटतं.

फोटो हॉलमध्ये लागला. पहिल्या पाहुण्यांनी विचारलं, पणजोबा का? माझ्या तोंडात चहा होता, मी मान हलवली. झालं. आता सोसायटीत ते आमचे पणजोबा आहेत, आणि नवऱ्याचं कपाळ त्यांच्यावर गेलंय असं दोन जणांनी सांगितलंय.

परवा सर्वपित्रीला सकाळी कामाच्या मावशी फ्रेम पुसता पुसता म्हणाल्या, "ताई, यांना काय आवडायचं जेवायला? पान वाढाल ना?" मी अळू चिरत होते, एका क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "अळूचं फदफदं." इतक्या सहज की माझी मीच दचकले.

"आणि बाईंना?"

मी सुरी धरून तशीच उभी. तिच्या अंगठ्याची चिंधी बघितली होती, तिच्या जेवणाचा विचार केलाच नव्हता.

हॉलमधून आईंचा आवाज आला, त्याच आईंचा ज्यांनी माझा मास्तर मोडीत काढला होता. "तिला कुठलं आवडतंय अळू. चिरून चिरून हाताला खाज सुटायची बिचारीच्या. तिला आपली साखर घालून दशमी ठेव."