ईसीएन कुठे अडली आहे? जर्मनीत बसून मॅन्युअल लिहिताना

श्टुटगार्टच्या आसपास गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्यांचं एक टोक पुण्यात असतं. ड्रॉइंग इथे बदलतं, भाग चाकणलाही बनतो आणि दोन्हींमधला दुवा असते ईसीएन, म्हणजे इंजिनिअरिंग चेंज नोटीस, भागात काय बदललं हे कळवणारी सूचना. या नोटिसांचा माग ठेवणाऱ्या सॉफ्टवेअर टूलचं मॅन्युअल लिहायला बसलं की पहिला मोह होतो तो एकेका स्क्रीनचं चित्र टाकून खाली ‘सेव्ह दाबा’ असं लिहिण्याचा. तो आवरावा. बटण कुठे आहे हे वाचणाऱ्याला दिसतंच. त्याला हवं असतं ते वेगळं: ही नोटीस आत्ता कुणाकडे आहे आणि आज लाइनवर जुना भाग लावायचा की नवा?

म्हणून सुरुवात अवस्थांच्या कोष्टकाने करावी. विनंती, तपासणी, मंजूर, रिलीज, अंमलात, बंद. प्रत्येकीपुढे कुणाच्या हातात, पुढे सरकायला काय लागतं, कशामुळे परत येते आणि त्या अवस्थेत जुनं ड्रॉइंग चालतं का, एवढं लिहावं. खरा घोटाळा ‘रिलीज’ आणि ‘अंमलात’ यांच्यात होतो. ड्रॉइंग रिलीज झालं म्हणजे लाइन बदलली, असं खरेदी विभाग धरून चालतो. प्रत्यक्षात सप्लायरकडे फिक्स्चर, म्हणजे भाग पकडून ठेवणारा साचा, बदलायचं असतं, ग्राहकाची पीपीएपी मंजुरी, म्हणजे नवा भाग उत्पादनात घ्यायची परवानगी, बाकी असते.

नमुन्यादाखल एकच नोटीस घ्यावी आणि शेवटपर्यंत न्यावी. समजा, ब्रॅकेटचं भोक एम8 बोल्टसाठी 8.4 मिमी होतं, ते 9.0 केलं. नवा ब्रॅकेट जुन्या असेंब्लीत बसतो, म्हणून पार्ट नंबर तोच ठेवून रिव्हिजन, म्हणजे ड्रॉइंगची आवृत्ती, सी ची डी होते. बसला नसता तर नवा नंबर घ्यावा लागला असता. हा नियम मॅन्युअलमध्ये ठळक हवा. मग जुन्या मालाचा प्रश्न. स्टोअरमधले, लाइनवरचे, जहाजात असलेले आणि स्पेअरसाठी राखलेले नग वेगवेगळ्या ओळींत नोंदवायला सांगावं. ‘ड्रिल मारून 9.0 करा’ हा रीवर्क सोपा वाटतो, पण ब्रॅकेटवर झिंक प्लेटिंग असेल तर भोकाच्या आतला थर जातो आणि तिथूनच गंज धरतो. म्हणजे पुन्हा प्लेटिंग, नाहीतर स्क्रॅप. हे कारण उदाहरणातच लिहिलं तर डिस्पोझिशनचा, म्हणजे जुन्या मालाचं काय करायचं याचा, रकाना डोळे झाकून भरला जात नाही.

सगळ्यात जास्त जागा ‘कधीपासून लागू’ या रकान्याला द्यावी. सर्व्हर जर्मन वेळेवर चालत असेल तर इथली मध्यरात्र म्हणजे चाकणला हिवाळ्यात पहाटेचे 4:30 आणि उन्हाळ्यात 3:30. तोवर तिसऱ्या पाळीला जुनी बीओएम, म्हणजे लागणाऱ्या भागांची यादी, दिसते, तारीख मात्र नवी लागलेली असते. त्यामुळे दोन कारखान्यांत बनणाऱ्या भागाला तारखेऐवजी लॉट (एकत्र बनलेल्या नगांचा गट) किंवा सीरियल नंबर लावायला सांगावं.

जर्मन माणूस तारीख कमी आणि ‘केडब्ल्यू’, म्हणजे कॅलेंडर आठवडा, जास्त बोलतो. आठवडा सोमवारी सुरू होतो आणि 4 जानेवारी ज्या आठवड्यात येते तो पहिला. या हिशेबाने 2026 मध्ये 53 आठवडे आहेत आणि 1 जानेवारी 2027 हा दिवस 2026 च्या 53 व्या आठवड्यात पडतो. पुण्यात कुणी एक्सेलचं साधं वीकनम सूत्र वापरलं तर 2027 मध्ये वर्षभर एका आठवड्याची चूक होत राहील. आयएसओवीकनम वापरा, असं स्पष्ट लिहावं. तसंच जर्मन एक्सेल दशांशाला स्वल्पविराम वापरतं, म्हणून सीएसव्हीत, म्हणजे साध्या मजकुराच्या कोष्टक-फाइलीत, रकाने अर्धविरामाने तुटतात. पुण्यात तीच फाइल उघडली की सगळं एका रकान्यात कोंबलेलं दिसतं, आणि ती आयात करताना पार्ट नंबरचा रकाना ‘टेक्स्ट’ ठेवला नाही तर नंबरापुढची शून्यंही उडतात.

ग्राहक अमेरिकन असेल तर रिव्हिजनच्या अक्षरांवर दोन ओळी हव्यात. त्यांच्या पद्धतीत आय, ओ, क्यू, एस, एक्स आणि झेड वापरत नाहीत. एच नंतर थेट जे दिसलं की नवखा माणूस मधली रिव्हिजन शोधत बसतो.

भारतातून आलेल्यांना चकवणारी गोष्ट म्हणजे बेट्रीब्सराट, कामगारांनी निवडून दिलेलं मंडळ. कर्मचाऱ्यांच्या कामावर नजर ठेवू शकणारं कोणतंही तांत्रिक साधन आणायचं तर बेट्रीब्सफेरफासुंग्सगेझेट्स या कायद्याच्या कलम 87 नुसार या मंडळाची सहमती लागते. ‘मंजुरीला कुणी किती दिवस लावले’ हा अहवाल आपल्याकडे साहेब आधी मागतील. इथे तो व्यक्तीच्या नावानिशी दाखवायचा की विभागवार, हे मंडळाशी ठरतं. त्यामुळे टूल कोणत्या नोंदी ठेवतं, त्या कुणाला दिसतात आणि कधी पुसल्या जातात, याचं पान मॅन्युअलमध्ये लवकर लिहून मंडळाकडे पाठवावं. ते राहिलं तर टूल तयार असूनही सुरू करता येत नाही.

मसुदा तपासायला टूल बनवणाऱ्याला देऊ नये, त्याला सगळं आधीच ठाऊक असतं. स्टोअर सांभाळणाऱ्याला द्यावा आणि वर दिलेली ब्रॅकेटची नोटीस टेस्ट सिस्टिमवर शेवटपर्यंत न्यायला सांगावं. मध्ये बोलू नये. तो जिथे थांबेल तिथे मजकूर दुरुस्त करावा, आणि दुसऱ्या फेरीला वेगळा माणूस बसवावा.