फरदड

अमरावतीहून परतवाड्याला एसटीनं दीडेक तास लागतो. आम्ही पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, रात्री पायी निघालो आणि शनिवारी दिवस बुडता बुडता पोचलो. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. एप्रिलमध्ये वऱ्हाडात सकाळी दहाच्या पुढं डांबरावर पाय ठेववत नाही, म्हणून चालायचं ते रात्री आणि पहाटे. दुपारी शाळेच्या व्हरांड्यात नाहीतर कडुलिंबाखाली पडून राहायचं. पालखी नाही, पताका नाहीत. पुढं एक क्रूस, मागं बायामाणसं आणि पोरं, दोन-तीन जणांकडे टाळ, एकाच्या गळ्यात ढोलकी. भजनं मात्र अभंगाच्याच चालीवर. रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. ते प्रोटेस्टंट, आम्ही कॅथलिक, पण हे वाक्य आमच्याकडे कोणालाही उलगडून सांगावं लागत नाही. माझी सासू या पदयात्रेला सरळ वारीच म्हणते. मी जावं हा हट्टही तिचाच.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी खारट, शेती सगळी पावसाच्या भरवशावर. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली कपाशी खाल्ली, त्यात आमचीही गेली. बोंड वरून हिरवंगार दिसायचं आणि फोडलं की आत सरकी पोखरलेली, कापूस पिवळा. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या नवऱ्यानं स्वतःचा जीव घेतला.

त्यानंतरच्या वर्षांचं काय सांगू? शेत मक्त्यानं दिलं. मुलाची शाळा, सासूचं औषधपाणी, शिलाई मशीन, सगळं चालू होतं. पण रोज रात्री मी नवऱ्याची उधारीची वही काढायची. बियाणं, खत, फवारणीचं औषध, कोणाचे किती, सगळं त्यांच्या अक्षरात. शेवटच्या पानावर फक्त एक बेरीज आहे. त्या बेरजेत मी कारण शोधत राहायचे. आणि वहीपेक्षाही जड होतं ते चर्चच्या आवारात आमच्यातल्याच एका मावशीनं बोललेलं वाक्य. "असा गेलेल्या मानसाले देव जवळ करत नाई." मी ऐकत्येय हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेले तरी मी मागच्या दाराशी बसायचे.

गुरुवारी संध्याकाळी निघण्यापूर्वी पाय धुण्याचा विधी झाला. येशूनं शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. पूर्वी या विधीत फक्त पुरुष बसत. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला आणि बायकांनाही बसता येऊ लागलं. फादरांनी मला बसवलं. माझ्या टाचांच्या भेगांत काळी माती वर्षानुवर्षं बसलेली आहे, ती घासूनही निघत नाही. फादर गुडघ्यांवर बसले, पितळी तांब्यातून पाणी ओतलं, टॉवेलनं एकेक भेग टिपावी तसं टिपलं आणि वाकून पायाचं चुंबन घेतलं. नवऱ्याच्या पाठीमागं माझ्या पायांना कोणी हात लावलेला नव्हता. मी रडले, आणि त्याची मला लाज वाटत नाही. मग वेदीवरचं कापड, मेणबत्त्या, सगळं काढून घेतलं. त्या दिवशीच्या ग्लोरिया या स्तुतिगीतानंतर घंटा मुकी होते, ती थेट ईस्टरच्या रात्री वाजते.

वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर रात्री थांबलो. २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी अमरावतीकडे येताना देह ठेवला तो इथंच. फादर केरळचे, पण मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ बोलतात. त्यांनी टॉर्चच्या उजेडात मत्तयच्या शुभवर्तमानातला पंचविसावा अध्याय वाचला, मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिलंत तो. एक म्हातारे काका मध्येच म्हणाले, "हे तं बाबाचंच हाय. भुकेल्याले अन्न, तहानल्याले पानी." फादर म्हणाले, "हो, तेच आहे." मग पोरांनी पुलाच्या कडेचे पाण्याचे पाउच, प्लास्टिकचे ग्लास गोळा केले आणि आम्ही पुढं निघालो.

शुक्रवारी क्रुसाची वाट, येशूनं क्रूस वाहिला त्या वाटेवरच्या चौदा प्रसंगांशी थांबत केलेली प्रार्थना. या दिवशी मिस्सा होत नाही. चौदा स्थानं आम्ही रस्त्याच्या कडेलाच धरली. बाभूळ, किलोमीटरचा दगड, बंद पडलेलं जिनिंग, जे येईल ते. क्रूस होता जुन्या तिफणीच्या दांडीचा. ज्या लाकडानं कोणाच्या तरी आज्यापणज्यानं पेरणी केली, ते आडवं-उभं बांधून केलेला. बैलांच्या जुवाशी घासून एका टोकाला ते लाकूड काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. चौथ्या स्थानाला येशूला त्याची आई भेटते, तिथं क्रूस माझ्या खांद्यावर दिला. पाचव्या स्थानाला शिमोन कुरेनेकर मदतीला येतो. शुभवर्तमान सांगतं की तो आपणहून आला नव्हता, शिपायांनी त्याला वेठीला धरलं होतं. तेव्हा मागून कोणीतरी दांडीचं दुसरं टोक उचललं. वळून पाहते तर त्याच मावशी. "सरक थोडी," एवढंच म्हणाल्या. सहावं, सातवं, आठवं स्थान आम्ही दोघींनी ते लाकूड नेलं. त्यांना धाप लागत होती. बोलणं काहीच झालं नाही, आणि मला त्याची गरजही राहिली नाही.

दुपारी आसेगाव पूर्णेच्या अलीकडे एका वावराच्या झोपडीपाशी थांबलो. मालकीणबाईंनी विचारलं, "कोनाची दिंडी हाय व माय?" म्हटलं, येशूची. "बसा मंग. ताक पेता काय?" आमचा उपवास होता, म्हणून पाणीच घेतलं, तर त्यांनी माठाखाली ओलं फडकं टाकून तो आमच्याजवळ सरकवून ठेवला.

तिथं मी फादरांना ते विचारलं, जे इतकी वर्षं कोणाला विचारलं नव्हतं. माझा नवरा कुठं आहे? त्यांनी घाईनं उत्तर दिलं नाही. मग सांगितलं की चर्चची शिकवण १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणात स्पष्ट लिहिलेली आहे: जीव घेणं चूकच, पण भयंकर ताण, भीती, यातना माणसाची जबाबदारी हलकी करतात, आणि अशा माणसांच्या तारणाची आशा सोडू नये, कारण देव त्यांना गाठायच्या वाटा फक्त स्वतःलाच ठाऊक असलेल्या ठेवतो. चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. "तुम्ही मागच्या दाराशी का बसता ते मला माहीत आहे," फादर म्हणाले. "पुढं या."

शनिवारी पहाटे पूर्णा ओलांडून पुढं आलो तेव्हा एका शेतात नवराबायको पऱ्हाटी उपटत होते. तो चिमट्यानं झाड मुळासकट ओढायचा, ती पेंढ्या बांधायची. झाडांना अजून बोंडं होती, काही फुटलेलीही. आमच्यातल्या एकानं विचारलं, "भाऊ, कापूस हाय अजून, काऊन उपटता?" तो म्हणाला, "फरदड ठेवली तं दोन पैशे भेटते, पन तिच्यातच आळी जगते. मंग ते पुढच्या साली नव्या पिकाले लागते. लय उशीर केला म्या, डिसेंबरातच काढा लागत होती."

फरदड म्हणजे मुख्य वेचणी संपल्यावरही शेतात राखलेली कपाशी. हे मला माहीत नव्हतं असं नाही. कृषी विद्यापीठवाले गावोगाव हेच सांगत फिरतात. पण त्या सकाळी ते मला लागलं. माझं दुःख माझी फरदड होती. अजून त्याला बोंडं येत होती. त्या वहीपाशी बसलं की नवरा जवळ असल्यासारखं वाटायचं. मावशींच्या वाक्याचा राग धरला की मी नवऱ्याच्या बाजूनं उभी आहे असं वाटायचं. म्हणून तर सुटत नव्हतं. पिकाचं जे काही यायचं होतं ते केव्हाच येऊन गेलं होतं, आणि उभ्या झाडांतली अळी माझ्या पोराच्या वाट्याला जायची होती. तो आता दहावीला आहे आणि घरात मोठ्यानं हसत नाही. बायबलात संत पौल लिहितो, "जर कोणी ख्रिस्ताच्या ठायी असेल तर तो नवी उत्पत्ती आहे, जुने ते होऊन गेले." हे वचन मी लहानपणी पाठ केलं होतं. पण नवं पेरायचं तर वावर मोकळं करावं लागतं, आणि ते कष्टाचं काम आहे. हात सोलून निघतात.

त्या रात्री परतवाड्याजवळच्या लहानशा चर्चबाहेर अंधारात नवा अग्नी पेटवला. सरपण पऱ्हाटीचंच. फादरांनी पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवर क्रूस कोरला, अल्फा आणि ओमेगा, चालू वर्षाचे चार अंक, आणि येशूच्या पाच जखमांसाठी धुपाचे पाच दाणे बसवले. ख्रिस्त काल आणि आज, असं ते म्हणत होते, तेव्हा मला फार बरं वाटलं. कालही त्याचाच आहे. नवऱ्याला विसरा असं मला कोणी सांगत नव्हतं. उठलेल्या येशूच्या अंगावरही जखमा तशाच होत्या की. एका ज्योतीवरून दुसरी असं करत अंगण भरलं. बायबलच्या निर्गम पुस्तकातलं तांबड्या समुद्राचं वाचन झालं, ग्लोरियाला घंटा वाजली, आणि मग बाप्तिस्म्याच्या वचनांचं नूतनीकरण. फादर विचारतात, सैतानाचा त्याग करता का? त्याच्या सगळ्या कृत्यांचा? आपण म्हणायचं, करतो. दरवर्षी म्हणत आले होते. यंदा मी पहिल्या रांगेत होते, पोराच्या शेजारी, आणि माझा आवाज मला ऐकू आला. नवं पाणी अंगावर शिंपडलं तेव्हा पोरानं चष्मा पुसला आणि खुदकन हसला.

ती वही मी जाळलेली नाही. तिच्यात फेडीच्या पावत्या आहेत, कागद लागतात. ती आता पेटीत आहे, बाकीच्या कागदांत. मावशींकडे ईस्टरला करंज्या दिल्या.

घरी परतल्यावर सासूबाईंनी आधी पाय बघितले, मग गरम पाण्यात मीठ टाकून दिलं. मी म्हटलं, "आई, यंदा वावर मक्त्यानं द्यायचं नाही. आपणच वाहू."

"कपाशी?"

"नाही. तूर आणि सोयाबीन."

त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मंग पावसाआधी धुऱ्यावरचं काडीकचरा साफ करा लागन. आनं बियान्याचं आतापासूनच पाह्य."