पिशवीतले तीन केंड

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. मालवणजवळ देवबागला आमच्या घरी पुण्याचं एक कुटुंब राहायला होतं. सकाळी मच्छीमार किनाऱ्यावर रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत होते, ती बघायला बाप-लेक गेले आणि येताना प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. "वहिनी, मासे मिळाले, तेही फुकट! दुपारी ह्यांचाच रस्सा करा."

पिशवीत तीन केंड होते, म्हणजे अंग फुगवणारे विषारी पफरफिश.

सासूबाईंनी पडवीतूनच ओळखले. "अगो, केंड ते! भायर ठेव आधी!" म्हणाल्या आणि विळी उचलून आत घेऊन गेल्या.

रापणवाले बांगडा, तारली वेचून घेतात आणि केंड वाळूत टाकून देतात. केंडांची झुंड आली की जाळ्यातला मासा कुरतडते, वर जाळंही फाडून ठेवते. मी एकाचं तोंड काडीने उघडून मुलाला दाखवलं. वर दोन, खाली दोन अशा चार पट्ट्या, पोपटाच्या चोचीसारख्या धारदार. ह्या चार दातांवरूनच त्याच्या कुळाला शास्त्रीय नाव पडलं, आणि त्याच नावावरून विषाला: टेट्रोडोटॉक्सिन.

वडील म्हणाले, "मग तासभर चांगलं उकळून घ्या की."

मला सगळ्यात भीती वाटते ती ह्याच वाक्याची. हे विष उकळून जात नाही, तळून जात नाही, हळद-मीठ-कोकम लावूनही जात नाही. काळीज (यकृत) आणि गाबोळीत (अंड्यांत) ते सगळ्यात जास्त असतं, काही जातींत कातडीतही. मोठ्या माणसाचा जीव जायला एक-दोन मिलिग्रॅम पुरतं. कुठल्या केंडात किती आहे, हे ना डोळ्यांना कळत ना जिभेला. आधी ओठ आणि जीभ बधिर होते, मुंग्या येतात. मग हातपाय लुळे पडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. माणूस बऱ्याचदा शुद्धीवर असतो, त्याला सगळं ऐकू येतं, पण बोट हलवता येत नाही. ह्यावर उतारा नाही. व्हेंटिलेटरवर श्वास चालू ठेवायचा आणि विष शरीरातून जाईपर्यंत थांबायचं, एवढाच उपाय. पहिले चोवीस तास निभावले तर माणूस बहुधा वाचतो. म्हणूनच ओठाला मुंग्या आल्या की घरी लिंबूपाणी देत बसू नका. गाडी काढा आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा, की केंड खाल्लाय.

सप्टेंबर १७७४मध्ये न्यू कॅलेडोनियाच्या किनाऱ्यावर इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकने असाच एक अनोळखी मासा घेतला होता. त्याने आणि सोबत्यांनी काळीज-गाबोळी नुसती चाखली. रात्री हातापायांतली शक्ती गेली. पाण्याने भरलेलं भांडं जड की पीस जड, हेही हाताला समजेना. ते वाचले. आतडी खाल्लेलं डुक्कर मात्र सकाळी मेलेलं सापडलं.

जपानमध्ये ह्याच कुळातला मासा, फुगू, परवाना असलेला आचारीच साफ करतो, काळीज तर हॉटेलात वाढायलाच बंदी आहे. तरीही १९७५मध्ये बांडो मित्सुगोरो हा काबुकी ह्या पारंपरिक जपानी नाटकांतला नामवंत नट क्योटोत काळजाच्या चार वाट्या खाऊन मेला. त्याने हौसेने खाल्लं. बांगलादेशात २००८च्या एप्रिल ते जूनमध्ये १४१ जणांना पोटका माशाची, म्हणजे तिथल्या केंडाची, बाधा झाली आणि १७ जण दगावले. त्यांच्या घरी तो रोजच्या जेवणातला मासा म्हणून शिजला होता. मला ह्या माणसांचं जास्त वाईट वाटतं. त्यांच्या दारात "भायर ठेव" म्हणणारं कुणी असतं तर!

वडिलांना हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी मुलाला जवळ घेतलं आणि स्वतःच त्याचे हात साबणाने धुतले.

दुपारी बांगड्याचं तिखलं केलं. जेवणाआधी मुलाने आणि मी माडामागे हातभर खड्डा खणून तिन्ही केंड पुरले. मांजरं उकरतील म्हणून सासूबाईंनी वर चिरा ठेवायला लावला.