माझी झेब्रिना : हॉलमधून गॅलरीत आणि परत

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर घराजवळच्या नर्सरीतून मी झेब्रिनाची टांगती कुंडी आणली. पानावर लांबीने दोन चंदेरी पट्टे, मधे आणि कडेला हिरवट जांभळा रंग, आणि पान उलटं केलं की पाठ वांग्यासारखी गर्द. नर्सरीत तिला वाँडरिंग ज्यू म्हणतात. ज्यू लोकांबद्दलच्या जुन्या आकसातून आलेलं ते नाव आता बरेच जण टाळतात, मीही झेब्रिनाच म्हणते. "मॅडम, हे काही मरत नाही, कुठेही लावा," असं तिथले काका म्हणाले. आणली ती सरळ हॉलमध्ये पुस्तकांच्या कपाटावर ठेवली. खिडकी तिथून आठ-दहा फूट लांब.

दोन महिन्यांत तिचा नूरच पालटला. फांद्या लांबल्या खऱ्या, पण दोन पानांमधलं अंतर बोटभर व्हायला लागलं. नवी पानं नुसती हिरवी येत होती, पट्टे पुसट. बुडाकडची पानं वाळून तपकिरी झाली आणि कुंडीचा मधला भाग उघडा पडला. भूक लागली असेल असं वाटून मी गांडूळखत घातलं, पाणी वाढवलं. दोन्ही चुकलं. तिला हवा होता उजेड. उजेड कमी पडला की खोड त्याच्या शोधात ताणत जातं, आणि पानातलं जांभळं रंगद्रव्य, अँथोसायनिन, तयार होणं मंदावतं.

एप्रिलमध्ये हे लक्षात आलं तेव्हा मी दुसरं टोक गाठलं. कुंडी उचलून थेट पश्चिमेच्या गॅलरीत टांगली. पुण्यातलं एप्रिलचं दुपारचं ऊन! चार दिवसांत पानांवर कागदासारखे पांढरट डाग पडले. घरातल्या अंधाराला सरावलेली पानं एकदम उन्हात न्यायची नसतात. आधी आठवडाभर सकाळचा एखादा तास, मग हळूहळू जास्त. मी तिला पूर्वेच्या ड्राय बाल्कनीत हलवलं, जिथे साडेनऊपर्यंत कोवळं ऊन येतं. तीन आठवड्यांत शेंड्याकडे रंग परतला. जुनी फिकी पानं मात्र तशीच राहिली आणि ताणलेलं खोडही आखूड झालं नाही. जे सुधारतं ते नव्या वाढीतच.

एवढं सावरल्यावर जूनमध्ये पहिला पाऊस आला आणि झाडाला पाऊस लागू दे म्हणून मी कुंडी ग्रिलला बाहेर लावली. इथे खरा घात झाला. नर्सरीतून आलेल्या कुंडीत जवळजवळ सगळं कोकोपीटच, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, होतं. ते भिजलं की आठ-आठ दिवस ओलं राहतं. जुलैच्या झडीत फांद्या बुडाशी मऊ, पाणचट झाल्या आणि मातीला कुबट वास यायला लागला. मला खरंच रडू आलं.

तेव्हा सासूबाई चिपळूणहून आल्या होत्या. त्यांनी एक फांदी उचलून पाहिली. म्हणाल्या, "अगं, ही तर केन्याची बहीण दिसते. केना शेतातून उपटून बांधावर टाकला तरी पेराला मुळं धरून परत उभा राहतो. कुजलेलं टाक आणि वरचं लाव."

नंतर मी वाचलं तर आईंची नजर अगदी बरोबर होती. झेब्रिना मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची, पण ती आणि आपला केना एकाच कुळातले. (केन्याची भाजी होते, भजी होतात. झेब्रिना मात्र खायची नाही, तिच्या चिकाने काहींच्या हाताला खाजही सुटते.)

त्या दुपारी आम्ही दोघी कात्री घेऊन बसलो. कुजलेल्या भागाच्या बऱ्याच वर, चार-चार बोटांच्या कांड्या कापल्या, पेराच्या जरा खाली. खालचं पान सोललं की त्याचा पातळ, पारदर्शक देठकोष पेराभोवती गुंडाळलेला दिसतो, कडेला बारीक लव असते. तो काढला की पेर उघडं होतं, आणि मुळं तिथूनच फुटतात. अर्ध्या कांड्या पाण्याच्या ग्लासात ठेवल्या, अर्ध्या थेट मातीत खोचल्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ग्लासात पांढरे टोकदार कोंब दिसले, आठवड्यात इंचभर मुळं. तरी पुढे मातीतल्याच कांड्या जास्त जोमाने वाढल्या, म्हणून आता मी ग्लासाच्या भानगडीत पडत नाही.

माती बदलली. दोन भाग बागेची माती, एकेक भाग कोकोपीट, गांडूळखत आणि जाडसर वाळू. सहा इंची कुंडीत दहा-बारा कांड्या दाटीने लावते, एकदोन लावल्या तर कुंडी कधीच भरून दिसत नाही. बोटाचं पहिलं पेर मातीत खुपसून पाहायचं, कोरडं लागलं तरच पाणी. फांदी वीतभर झाली की शेंडा खुडते. खुडल्या जागेखालून नवे फुटवे येतात, आणि खुडलेले शेंडे त्याच कुंडीत मधे खोचले की उघडा पडलेला भाग भरून निघतो. वर्षातून एकदा सगळी कुंडी अशीच नव्याने लावते. जुन्या खोडाला चिकटून राहिले असते तर झाड केव्हाच गेलं असतं.

हिवाळ्यात पानांच्या बगलेत कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला. लागलेले शेंडे कापून टाकले, बाकी स्पिरिटच्या बोळ्याने पुसले, आणि लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा लिक्विड सोप घालून संध्याकाळी फवारलं, दर आठवड्याला, तीन वेळा. गेला.

आता दोन कुंड्या आहेत. एक हॉलच्या खिडकीपासून दोन फुटांवर, दुसरी ड्राय बाल्कनीत, आणि दर पंधरा दिवसांनी अदलाबदल. पावसाळ्यात दोन्ही छपराखाली. कापलेल्या फांद्या ओढ्याकाठी किंवा मोकळ्या जागेत टाकू नका, ही कळकळीची विनंती. ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेत ही वेल बागेतून निसटून रानात उपद्रवी झाली आहे. मी त्या उन्हात कडकडीत वाळवून मगच खतात टाकते.

या फेब्रुवारीत एका सकाळी शेंड्याला फूल दिसलं. करंगळीच्या नखाएवढं, तीन गुलाबी पाकळ्यांचं. संध्याकाळपर्यंत मिटलंसुद्धा. मी फोटो आईंना पाठवला. लगेच फोन आला, "केन्याचं निळं असतं, हिचं गुलाबी होय! शिमग्याला येताना चार काड्या आण मला." आठ नेल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून. कुंभार्ली घाट उतरल्यावर उघडून पाहिलं, पानं टवटवीत होती. आता त्या पडवीत पूर्वेच्या वाशाला टांगल्या आहेत.