पाणकणसाच्या दलदलीतून हातकागदाकडे

रानातल्या वनस्पती ओळखायच्या आणि त्यांतल्या काहींचा हाताने कागद करायचा, अशा तीन दिवसांच्या भटकंतीला निघताना आम्हाला सांगण्यात आले होते की पाणथळ जागा मुक्कामापासून अर्ध्या तासावर आहे, वाट सपाट आहे आणि हिरवे जे हाताला लागेल त्याचा कागद होतो. ही तिन्ही विधाने चुकीची निघाली.

वाट दीड तासाची होती आणि तिचा शेवटचा, जेमतेम दोनशे पावलांचा तुकडा म्हणजे गुडघाभर चिखल होता. जाताना तो कसाबसा पार झाला. पाणकणसाचे ओले भारे पाठीवर घेऊन परतताना त्याच दोनशे पावलांना तासभर लागला. म्हणून स्पष्ट सांगतो, मध्यभागी शिरूच नका. काठावरचीच पाने पाण्याच्या वर कापा आणि तिथेच पसरून निथळू द्या, कारण आम्ही वाहून आणलेली सहा किलो पाने वाळल्यावर एक किलोच भरली. बाकी सगळे पाण्याचे ओझे होते.

त्या काठावर वेखंडही उभे होते आणि कणसे आलेली नसताना दोन्हींची तलवारीसारखी पाने दुरून सारखीच दिसतात. वेखंडाचे पान चुरगळले की उग्र सुगंध येतो आणि त्यावरची उंच शीर बोटाला जाणवते. पाणकणसाला तसा वास नसतो, आणि पान बुडाशी आडवे कापले तर आत हवेच्या पोकळ कप्प्यांची जाळी दिसते. हे दोन्ही पडताळल्याशिवाय कोयता चालवू नये.

कागद धाग्यांचा होतो, हिरवेपणाचा नाही. पानाची किंवा सालीची पट्टी बोटाभोवती पिळून ओढावी. ती तटकन तुटली, तर ते झाड सोडून द्यावे. घायपाताचा धागा उत्तम असला, तरी त्याची पाने उघड्या हातांनी ठेचू नयेत. त्या रसातले सुईसारखे स्फटिक कातडीत रुततात, आणि आमच्या एका सोबत्याचे मनगट रात्रभर आगीसारखे जळत होते.

दुसरा दिवस मुरुडशेंगेच्या सालीत सुखाने गेला. एकाच वनस्पतीपुरता वेळ असेल, तर दलदल सोडून हीच निवडा. तिच्या आतल्या सालीचा धागा लांब आणि चिवट असतो.

शिजवण्यासाठी वाळलेल्या मालाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढा धुण्याचा सोडा, म्हणजे एक किलोला 200 ग्रॅम, पुरेसा होतो. भांडे स्टीलचे घ्या, कारण अॅल्युमिनियम सोड्यात खाल्ले जाते. दोन-तीन तासांनी धागा चिमटीत उभा सहज फाटू लागला की तो शिजला असे समजावे. मग पाणी स्वच्छ येईपर्यंत धुणे आणि लाकडी मोगरीने कुटणे, यांत घाई करू नये. आम्ही थकून कुटणे अर्धवट सोडले आणि पहिल्या तावांत गाठी राहिल्या.

तिसऱ्या संध्याकाळी जाळीवरून उचललेला पहिला नितळ ताव फळीवर वाळला आणि उजेडासमोर धरल्यावर त्यात पाणकणसाचे तपकिरी धागे एकमेकांत गुंतलेले दिसले, तेव्हा पायांचा ठणका विसरायला झाला. त्यावर लगेच शाईने लिहू नका, शाई फुटते. आधी पातळ खळ ब्रशने दोन्ही बाजूंना लावून ताव पुन्हा वाळवा.