जुनी आणा, नवी न्या

दिवाळीच्या आधी आमच्याकडे माळा उतरवतात आणि दर वर्षी एक पत्र्याची ट्रंक उघडून तशीच बंद करतात. तिच्यात आजोबांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या आहेत. फोनो केव्हाच गेला. त्याचा कर्णा कुणी नेला यावरून दोन आत्या अजून एकमेकींना टोमणे मारतात. यंदा ट्रंक खाली घेताना माझा हात सुटला आणि वरच्याच तबकडीचा टवका उडाला.

टवका उजेडात धरला. वरून काळाभोर, तोंड दिसेल असा. तुटलेली कड मात्र करडी, खरखरीत, फरशीच्या तुकड्यासारखी. तबकडीत जास्त भर दगडाच्या भुकटीचीच, काळा रंग काजळीचा, आणि या सगळ्याला धरून ठेवते ती लाख. कडेला काडी ओढून धरली (आई स्वयंपाकघरात होती म्हणून), तर पोस्टातल्या पार्सलावर सील करताना यायचा तसा वास आला. बांगड्यांची लाख, लाक्षागृहाची लाख, सुतार स्पिरिटमध्ये भिजत घालतो तो चपडा, सगळी एकच. पळस, बोर, कोशिंबाच्या फांद्यांवर बारीक किडे बसतात, रस शोषतात आणि अंगाभोवती ही राळ सोडतात. छोटा नागपुरात त्यांची शेती चालते, आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीतही. त्या काळी जगाला लागणारी बहुतेक लाख हिंदुस्थानातून जायची. म्हणजे न्यूयॉर्कच्या दुकानात वाजणारा जाझ पळसाच्या फांदीवरून गेलेला होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या दिवसांतला अमेरिकेतला रेडिओ-फोनोचा दुकानदार हा माझा आवडता दुःखी माणूस आहे. १९३०च्या दशकातल्या मंदीत त्याच्याकडे माल होता, गिऱ्हाइकाकडे पैसे नव्हते. युद्धसामानाचे कारखाने धडधडू लागल्यावर गिऱ्हाइकाच्या खिशात पगार खुळखुळायला लागला. १९४१ साली तिथे एक कोटीहून जास्त रेडिओ तयार झाले. त्याच वर्षी सप्टेंबरपासून सरकारने हप्त्यावरच्या विक्रीला बंधनं घातली, तरी धंदा जोरात होता. डिसेंबरात पर्ल हार्बरवर जपानी हल्ला झाला, आणि वसंत ऋतू येईपर्यंत दुकानाचं फडताळ रिकामं पडायची वेळ आली.

तारखा बघण्यासारख्या आहेत. १९४२च्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जपानी आरमाराने बंगालच्या उपसागरात वीसेक व्यापारी जहाजं बुडवली आणि ६ तारखेला विशाखापट्टणमवर बाँब टाकले. आठच दिवसांनी, १४ एप्रिलला, वॉशिंग्टनहून हुकूम निघाला: तबकड्यांसाठीची लाख ७० टक्क्यांनी कमी. लाख लष्करालाही हवी होती, दारूगोळ्याला, विजेच्या सामानाला, आणि ती येणार याच समुद्रातून. पुढच्या आठवड्यात, २२ एप्रिलला, घरगुती रेडिओ आणि फोनो बनवणंच बंद झालं. कारखाने लष्कराची यंत्रं करू लागले. उरला माल विकून संपला की संपलं.

मग दुकानदार बोहारीण झाला.

दुसरा शब्द मला सुचत नाही. आमच्या दारात यायची ती बोहारीण आजीची साडी उजेडात धरून विरलेली जागा अचूक काढायची आणि दोन साड्या, एक पँट घेऊन एक पातेलं द्यायची. तिकडे दुकानांतून हेच सुरू झालं. नवी तबकडी हवी ना, मग जुनी आणा. फुटकी चालेल, चिरलेली चालेल, झिजून नुसती खरखरणारीही चालेल, कारण ती दळून, वितळवून पुन्हा दाबायची होती. जुनीचे दोनेक सेंट मिळायचे. नवी पस्तीस-पन्नास सेंटांना. एडिसन कंपनीच्या जाडजूड तबकड्या कुणी घेऊन आलं तर उपयोग नव्हता, त्यांच्यात लाखच नव्हती. जुलैमध्ये तर जुन्या तबकड्या गोळा करायची देशभर मोहीम निघाली. भंगाराच्या पैशातून सैनिकांसाठी नव्या घ्यायच्या होत्या. कालपर्यंत काउंटरमागे उभा राहून ‘घ्या, घ्या’ म्हणणारा माणूस आता ‘द्या, द्या’ म्हणू लागला.

गिऱ्हाइकाचं काय होत असेल? घरी बसून तबकड्यांची चळत उपसायची आणि ठरवायचं, यातलं कुठलं गाणं दळायला द्यायचं. लग्नाच्या वर्षी घेतलेलं नको. मोठ्या भावाचं आवडतं नको, तो आता फौजेत आहे. शेवटी कुणी तरी भेट दिलेलं जातं. आमच्याकडे तरी तेच गेलं असतं.

रेडिओवाल्याची गत थोडी बरी, कारण दुरुस्ती होती. आणि दुरुस्तीला तोटा नव्हता. त्या वेळच्या स्वस्त अमेरिकन संचात पाच व्हॉल्व्ह असत, म्हणजे आत तार तापणाऱ्या, दिव्यासारख्या नळ्या; विजेचा दाब कमी करणारा ट्रान्सफॉर्मर नसे. पाचही व्हॉल्व्हच्या तारा एकीला एक जोडलेल्या: तीन बारा-बारा व्होल्टचे, एक पस्तीसचा, एक पन्नासचा. बेरीज एकशे एकवीस, म्हणजे तिथल्या घरातल्या विजेएवढीच. खर्च वाचवायची नामी युक्ती, पण गणपतीच्या आरासीतल्या माळेसारखी. एक दिवा गेला की अख्खी माळ गप्प. पस्तीस किंवा पन्नासवाला जळाला की युद्धाच्या बातम्या बंद, आणि तेच व्हॉल्व्ह दुकानात मिळेनासे झाले. त्यात रेडिओ उघडून दोष काढू शकणाऱ्या पोरांना लष्कराच्या संदेश विभागात मागणी. दुकानात राहिला मालक, एक सोल्डरिंग आयर्न आणि ‘उद्या या’ची पाटी. ‘उद्या या’ म्हणायला अर्थात युद्ध लागत नाही, आमचा टीव्हीवाला शांततेच्या काळातही म्हणतो.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. १ ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणच बंद केलं. तबकड्या आणि ज्यूकबॉक्समुळे (नाणं टाकलं की तबकडी वाजवणारी पेटी) हाडामांसाच्या वादकांचं काम जातं, तर प्रत्येक तबकडीमागे आम्हाला काही द्या, हे त्यांचं म्हणणं, आणि मला ते आजही पटतं. गायक त्या संघटनेत नव्हते. म्हणून कंपन्यांनी गायकाच्या मागे वाद्यांऐवजी माणसांचा कोरस उभा केला आणि व्हायोलिनचं काम ‘ऊऽऽ’वर भागवलं. तीन मोठ्या कंपन्यांपैकी पहिलीने तडजोड केली ती १९४३च्या सप्टेंबरात, बाकीच्या दोघींनी आणखी वर्षभर ताणलं. दुकानदाराकडे आता लाख नाही, संच नाही, व्हॉल्व्ह नाही, आणि नवं गाणं येतं तेही बिनवाद्याचं.

रविवारी रद्दीवाला आला. पेपर मोजून झाल्यावर आईने टवका उडालेली तबकडी त्याच्यापुढे धरली. त्याने ती बोहारणीसारखीच उजेडात धरली, नखाने वाजवली, भोकातून आमच्याकडे पाहिलं.

“याचं काही येत नाही, काकू.”

“अरे, लाखेची आहे,” मी म्हणालो.

“लाखाची?” तो हसला, आणि काट्यावर पुढचा गठ्ठा ठेवला.